वरच्या ओळीची जागा

कस्तुराबाईला उभ्या जन्मात पहिली ओळ कधी टाकावी लागली नव्हती. बेडशाच्या घरात पहिली ओळ थोरल्या जावेची, भागुबाईची, आणि दुसरी हिची. जात्यावर समोरासमोर बसायचं, खुंट्याला दोघींचे हात, भागुबाईनं ओवीची एक ओळ म्हणायची आणि तिचा सूर हवेत आहे तोवर धाकटीनं खालची ओळ जोडायची. ठरवून असं कुणी काही केलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात जे घडलं तेच पुढं चालत राहिलं.

तेव्हा नवी नवरी म्हणून कस्तुराबाई खाली मान घालून दळत होती. आदल्या दिवशी तिच्या हातून भाकर जळली होती. भागुबाईनं मूठभर जोंधळे जात्यात टाकले आणि सूर लावला,

धाकट्या जाऊबाईची, भाकर बाई करपली...

पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जातं गरगरत राहिलं. आणि मग तिच्याही नकळत तिच्या तोंडून आलं,

थोरलीच्या बोलण्यात, माझी नजर हरपली.

भागुबाईनं जातं थांबवलं. आतून सासू ओरडली, “का गं, दळाण का थांबलं?”

“काय न्हाई, आत्या,” भागुबाई म्हणाली, “जोड मिळाली.”

त्यानंतर दोघींचा तो खेळच झाला. त्याला नियमही होते, पण ते कुणी बोलून दाखवले नाहीत. थोरलीनं डोंगर आणला की धाकटीनं नदी आणायची. तिनं भाऊ आणला तर हिनं बहीण. तिनं सकाळ म्हटली तर हिनं संध्याकाळ. नुसतं यमक जुळवलं तर भागुबाई नाक मुरडायची. “नुसतं ठिगाळ लावू नगंस, कस्तुरे. जोड दे.” बेडशाच्या डोंगराला, ढग टेकलं टेकलं, असं एकदा तिनं म्हटलं तेव्हा कस्तुराबाईनं, पवनामाईच्या पाण्यात, त्याचं रूप मी देखलं, असं जोडलं होतं. त्या दिवशी जेवताना भागुबाईनं आपल्या ताटातला गुळाचा खडा हिच्या ताटात टाकला.

गिरणी आली. जात्याचं काम उरलं नाही, तरी दोघी काही ना काही निमित्त काढायच्या. कधी हुलग्याचा भरडा काढायचा, कधी मेतकूट, आणि लग्नसराईत गावातल्या कुठल्याही घरी घाणा असला की बोलावणं ठरलेलं. घाण्याच्या दिवशी जात्याच्या खुंट्याला हळकुंड आणि आंब्याची डहाळी बांधतात, पाच जणी मिळून नवरीची हळद दळतात आणि त्यावर ओव्या म्हणतात. बेडशात त्या ओव्या या दोघी जावांनीच म्हणायच्या.

पुढं शेतीच्या वाटण्या झाल्या आणि कस्तुराबाईचा नवरा भिमाजी खंडाळ्याला एका बंगल्यावर माळी म्हणून लागला. मागच्या खोलीत दोघं राहायला गेले. बंगल्यात जो भाडेकरू येईल त्याचा स्वयंपाक आणि झाडलोट कस्तुराबाईकडं आली. रविवारी मात्र ती बेडशाला जायची. जात्यापाशी बसली की थोरली विचारायची, “आठवडाभर कुनाच्या वळी उचलल्यास गं?” हिनं म्हणायचं, “हितं सोडून कुटं उचलू?”

गेल्या दिवाळीच्या आधी भागुबाई भांडी घासता घासता दगडावरून खाली घसरली. लकवा होता. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा गावच्या बाया येऊन रडून गेल्या. कस्तुराबाई रडली नाही. भांडी अर्धवट तशीच पडली होती, ती तिनं घासून पालथी घातली.

तेव्हापासून तिच्या आत काहीतरी बधिर झालं होतं. दुःख म्हणावं तर तेही होत नव्हतं. ती उठायची, चहा ठेवायची, फरशी पुसायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. भिमाजी सुरुवातीला बोलला, मग तोही आळणी खायला शिकला. रविवारी ती बेडशाला जायची, थोरलीला भरवायची, तिचं तोंड पुसायची आणि समोर बसून राहायची. भागुबाई कोंबड्यांकडं बघायची. हिच्याकडंही बघायची, पण कोंबड्यांकडं बघावं तशीच.

पौषात भागुबाईच्या नातीचं, मानसीचं लग्न ठरलं. तिची आई अनिता, भागुबाईची सून, मोकळ्या स्वभावाची. तिनं थेट विषय काढला.

“काकी, घान्याला वव्या तुमीच म्हनायच्या. मानसीनं तसं बोलूनच ठिवलंय.”

“म्या जोड देते गं. पयली वळ कोन टाकंल?”

“तुमीच टाका की. आता आत्यांना काय कळतंय?”

हे भागुबाईसमोरच चाललं होतं. कस्तुराबाईनं थोरलीच्या अंगावरची गोधडी सारखी केली आणि म्हणाली, “बघू.”

“बघू नगा. न्हाईतर चिमाबाई बसंल आन ती रेडिओवरची गानी म्हनंल. न्हाईतर मोबाईल हायेच.”

परतीच्या जीपमध्ये कस्तुराबाईनं एकट्यानं ओळ जुळवून पाहिली. ओळी येत नव्हत्या असं नाही. मानसीवर, हळदीवर, मांडवावर ओळी सुचत होत्या. पण ओठांपर्यंत आल्या की तिथंच थांबत होत्या. पहिली ओळ टाकणं म्हणजे थोरलीच्या पाटावर बसणं. ती समोर जिवंत बसलेली असताना तिचं झालं, ती संपली, असं पाच जणींसमोर आपल्या तोंडानं सांगणं. आणि नाही म्हणावं, तर भागुबाईच्या नातीची हळद मोबाईलच्या गाण्यावर दळली जाणार. यातलं एक काहीतरी तिला करावं लागणार होतं. दोन्हींचा विचार करताना तिला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचंच तिला थोडं भय वाटलं.

बंगल्यात त्या वर्षी एक चिनी साहेब राहत होता. तळेगावकडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. नाव लीन. चाळिशीचा, एकटा, शांत. तो आपल्या भाषेत मोबाईलशी बोलायचा आणि मोबाईलमधली बाई मराठीत बोलायची. तिची मराठी फार शुद्ध होती. “कृपया भाजीत मीठ घालावे,” असं ती म्हणायची. भिमाजी तिला मास्तरीणबाई म्हणायचा.

माघात एक दिवस साहेबानं जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, शाई आणि कुंचला काढला. त्यांचं नवं वर्ष लागणार होतं. त्यानं खळ मागितली. कस्तुराबाईनं मैद्याची खळ शिजवून दिली. शाई टेबलाला लागते की काय या काळजीत ती दारात उभीच राहिली होती. साहेबानं लाल कागदाच्या लांब पट्टीवर एकाखाली एक अक्षरं काढली, वाळवली आणि पुढच्या दाराच्या उजव्या अंगाला चिकटवली. मग हात धुऊन तो कामावर गेला.

दुसऱ्या दिवशी झाडताना कस्तुराबाईच्या लक्षात आलं की डावं अंग रिकामं आहे. दाराला सजावट म्हणून एकाच बाजूला कुणी काही लावतं का? तोरणाचं एक टोक बांधून दुसरं सोडून देतात का? दुसरी पट्टी सुटली असणार. आणि खळ तर तिनं शिजवलेली. तिनं केराचा डबा उलटा केला. पायरीखाली पाहिलं. शेवटी भिमाजीला हाक मारली.

“आवं, सायबाचा कागुद कुटं दिसला का? लाल?”

भिमाजीनं बागेच्या कुंपणापलीकडं हात केला. तिथून पुढं दरीच होती. “वाऱ्यानं गेला आसंल खाली. आता राजमाचीवर जाऊन वाच.”

“चेष्टा करू नगा. खळ पातळ झालती वाटतं.”

“मीठ घातलंतंस का तिच्यात?”

पदर खोचून ती चालत लोणावळ्याच्या बाजारात गेली, तसाच लाल कागद आणला, उजवीकडच्या पट्टीच्या मापानं कापला आणि घट्ट खळ करून डाव्या अंगाला चिकटवला. अक्षरं काढणं तिच्या हातात नव्हतं. पण दार निदान सारखं दिसत होतं.

संध्याकाळी साहेब आला आणि दारापुढं थांबला. कस्तुराबाई आतून बघत होती. तो बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं त्या कोऱ्या कागदावरून हात फिरवला आणि हसला. फार मोठ्यानं नाही.

“हे कोणी लावले?” मास्तरीणबाईनं विचारलं.

“म्या. तुमचा उडून गेला. खळ माझीच व्हती.”

साहेबानं मान हलवली. मग तो पायरीवरच बसला आणि मोबाईल गुडघ्यावर ठेवला. तो थोडं थोडं बोलायचा, थांबायचा, आणि ती बाई ते मराठीत सांगायची. मध्येच काही बिघडलं की तो पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगायचा. अशा रीतीनं जे कळलं ते असं. दुसरा कागद उडालेला नव्हता. तो लिहिलाच नव्हता. त्यांच्याकडं दाराला ओळींची जोडी लावतात. दाराकडं तोंड केलं की उजव्या हाताला पहिली ओळ, डाव्या हाताला दुसरी. पहिलीत जितकी अक्षरं तितकीच दुसरीत. पहिलीत डोंगर असेल तर त्याच जागी दुसरीत पाणी. जुन्याला नवं, आकाशाला जमीन. आणि आवाजसुद्धा, एकीचा जिथं सपाट तिथं दुसरीचा वळलेला. पहिलीचा शेवट वर राहतो, दुसरीचा खाली टेकतो.

“पयली वर ऱ्हाती,” कस्तुराबाई म्हणाली. “व्हय. ऱ्हातीच ती.”

पहिली ओळ त्याचे वडील टाकायचे, साहेबानं सांगितलं. दर वर्षी. मुलगा जिथं असेल तिथं फोनवर पाठवायचे आणि यानं जोड लिहायची. उजवीकडची ओळ त्यांची शेवटची. ते गेले तेव्हा याची जोड राहून गेली, आणि अजून सापडलेली नाही.

“काय वळ हाय?”

मास्तरीणबाई म्हणाली, “जुन्या डोंगराचे दार उघडे, ढग न विचारता येतो.”

कस्तुराबाईनं ती मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिली.

साहेबानं मग आपली जोड ऐकवली आणि आधीच हसायला लागला. “नव्या नदीची खिडकी बंद, मासा विचारून जातो.”

“आं? मासा इचारतो?” कस्तुराबाईच्या तोंडून निघून गेलं.

“शब्दाला शब्द बसतो,” साहेब म्हणाला. “डोंगराला नदी, दाराला खिडकी, ढगाला मासा. एकही चूक नाही. आणि काही अर्थ नाही.”

“ठिगाळ हाय,” ती म्हणाली. हे मोबाईलनं त्याला कसं सांगितलं कोण जाणे, पण त्यानं मान डोलावली.

“तू करतेस?” त्यानं विचारलं. “जोड?”

“मला न्हाई जमायची तुमच्या वडलांची.” ती म्हणाली. समोर रस्त्यानं पर्यटकांची गाडी गाणी लावून गेली. मग तिनं विचारलं, “सायेब, वरची वळ टाकनारं मानूस हाय, पन टाकीत न्हाई. आन खालचीला तर म्हनायचंय. तवा कसं करायचं?”

हे मोबाईलला नीट समजलं नाही. तिला तीनदा सांगावं लागलं. शेवटी तिनं उठून हातानं दाखवलं. उजवीकडच्या पट्टीवर हात ठेवून “ही न्हाई,” म्हणाली, आणि डावीकडच्या कोऱ्या कागदावर बोट टेकवून “ही हाय.”

साहेबाला कळलं. त्यानं दाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

“असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही,” तो म्हणाला. “पण दार तर तेच राहतं. उजवी बाजू मोकळी सोडायची आणि डावीकडं आपली ओळ लावायची. येणाऱ्याला दिसतंच की तिथं कुणाची तरी जागा आहे.”

मग तो आत गेला. कोरा कागद काढायला त्यानं सांगितलं नाही. दिवसामागून दिवस तो तसाच राहिला, आणि तिनंही त्यावर फडकं मारायचं ते हलक्या हातानं मारलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी घाणा होता. भिमाजी आणि कस्तुराबाई सकाळीच बेडशाला पोचले. अंगणात मांडव पडला होता. जातं धुऊन, खुंट्याला हळकुंड आणि डहाळी बांधून ओसरीवर ठेवलं होतं. एका कोपऱ्यात मानसीच्या मैत्रिणीनं स्पीकर आणून ठेवला होता. चिमाबाई, शेजारची म्हातारी, आधीच मांडी घालून बसली होती.

“आली गं खंडाळ्याची मडम,” ती म्हणाली. “आता ववी विंग्रजीत म्हन.”

“चिनीत म्हनती ती,” भिमाजी लांबून बोलला. बाया हसल्या.

“थोरल्या बाईला आना,” कस्तुराबाई म्हणाली.

अनिता थांबली. “आत्यांना? आवं काकी, त्यांना बसवत न्हाई धड. मागं गादीवर हायेत त्या. आवाज यील की त्यांला.”

“आना. तिच्या जागंला बसवा. पाठीला उशी लावा.”

कैलासनं, म्हणजे भागुबाईच्या लेकानं, आईला उचलून आणली. भिंतीला टेकवून जात्यापाशी तिच्या नेहमीच्या अंगाला बसवलं. कस्तुराबाईनं तिचा चांगला, डावा हात घेतला आणि खुंट्यावर ठेवला. त्याच्या खाली आपला ठेवला. बाकीच्या तिघींनी जिथं मिळेल तिथं धरलं. हळकुंडाचे तुकडे जात्यात पडले आणि जातं फिरायला लागलं.

एक फेरा झाला. दुसरा झाला. सगळ्या कस्तुराबाईकडं बघत होत्या. ती खाली, जात्याच्या तोंडाकडं बघत होती. नुसता दगडाचा आवाज येत होता. ओवीची एक ओळ म्हणायला जितका वेळ लागतो तितका तिनं जाऊ दिला. कुणाला वाटलं, हिला सुचेना. मैत्रिणीचा हात स्पीकरकडं गेला.

तेवढ्यात कस्तुराबाईनं सूर लावला. तो वरून खाली येणारा सूर होता, टेकणारा.

मानसीच्या हळदीला, तुझी जागा मी राखली.

आणि गप्प झाली. पुन्हा दगडाचा आवाज. तितकाच वेळ. मग,

जात्याची गं तळी मी, बसले तुला धरून.

चिमाबाईला राहवेना. “आगं ए, पयली वळ कुटं गेली? नुस्तं शेपूट म्हनतीयास. म्हस कुटंय?”

“म्हस हितंच बसलीय,” कस्तुराबाई म्हणाली. जातं तिनं थांबू दिलं नाही. “बसू दे तिला.”

ओसरीभर हशा झाला. कैलास मांडवात तोंड फिरवून उभा राहिला. अनिता हसली आणि मग हसायची थांबली. पुढच्या वेळी ओळीची ती रिकामी जागा आली तेव्हा चिमाबाईनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. अनितानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. चिमाबाईनं तोंड मिटलं.

मग सगळ्यांनाच ते कळलं. दगड एक ओळभर एकटा बोलायचा आणि त्यानंतर कस्तुराबाई बोलायची. बाया मधल्या वेळात खोकतही नव्हत्या. मांडवावर, बांगड्यांवर, सासरच्या वाटेवर ओव्या झाल्या. प्रत्येक ओवी अर्धी. भागुबाईचा हात खुंट्याबरोबर गोल फिरत होता. तो तिचा ती फिरवत होती की खुंटा त्याला नेत होता, हे खालच्या हातालासुद्धा नीट कळत नव्हतं. भागुबाईनं कोंबड्यांकडं पाहिलं, मांडवाकडं पाहिलं. एकदा तिचे ओठ हलले असं अनिता नंतर सांगत होती. कस्तुराबाईनं ते पाहिलं नाही. ती जात्याच्या कडेनं पिवळी धार पडत होती तिच्याकडं बघत होती.

हळद झाली. मानसी येऊन दोघी आज्यांच्या पाया पडली. आधी थोरलीच्या, मग धाकटीच्या. कस्तुराबाईनं थोरलीच्या बोटांना लागलेली हळद पदरानं पुसली, तिला भरवलं आणि गोधडी सारखी केली. स्पीकर लागला तो संध्याकाळी, नाचण्यासाठी.

लग्नाला परवा पुन्हा यायचंच होतं. परतीच्या जीपमध्ये कामशेत मागं पडल्यावर भिमाजीनं विचारलं, “बरं वाटलं का गं?”

कस्तुराबाईनं विचार करून पाहिला. आत चाचपून पाहिलं म्हणा. काही लागलं नाही हाताला.

“न्हाई,” ती म्हणाली.

“मंग?”

“मंग काय. दळाण झालं.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “रैवारी हुलगं घिऊन जाऊ. भरडा काढायचाय.”